प्लेटलेट्स किती, यापलीकडचा प्रश्न

पावसाळा सरत आला की नाशकात डेंग्यूचे पेशंट वाढतात आणि ‘प्लेटलेट्स किती आल्या?’ ही विचारपूस सिडकोपासून पंचवटीपर्यंत घरोघरी सुरू होते. दीड ते साडेचार लाख हा नॉर्मल आकडा आता पुष्कळांना पाठ आहे. पण सत्तरी गाठलेल्या माणसाच्या हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा धोका जोखायला तो पुरत नाही. संख्या व्यवस्थित असूनही प्लेटलेट्स उत्तेजित, म्हणजे गुठळी करण्याच्या तयारीत असू शकतात.

प्लेटलेट्स जखमी रक्तवाहिनीला चिकटतात हे इटलीतल्या बिझोझेरो यांनी १८८२ साली दाखवलं. प्लेटलेट्सचं वागणं मोजायला मात्र १९६२ उजाडलं. गुस्ताव बॉर्न यांनी प्लेटलेट्स असलेल्या प्लाझ्मामधून, म्हणजे तांबड्या पेशी काढलेल्या रक्तद्रवातून, प्रकाश सोडला; प्लेटलेट्स एकमेकींना चिकटल्या की गढूळपणा कमी होतो आणि प्रकाश जास्त पार जातो. पद्धत सुरेख, पण नळीत उत्तेजक द्रव्य घातल्यावर प्लेटलेट्स काय करतील एवढंच ती सांगते. शरीरात काय घडून गेलं, ते नाही.

ती उणीव भरून काढायला १९७० च्या दशकात बीटा-थ्रोम्बोग्लोब्युलिन आलं. प्लेटलेट उत्तेजित झाली की आपल्या आतल्या कणांमधलं हे प्रथिन रक्तात सोडते. पुढे १९८० च्या दशकात पी-सिलेक्टिन हे दुसरं प्रथिन सापडलं. ते एरवी आत दडलेलं असतं, उत्तेजनानंतर पृष्ठभागावर येतं आणि फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेणाऱ्या तपासणीत, पेशीगणिक मोजता येतं.

ज्येष्ठांच्या बाबतीत खरी कसोटी इथूनच लागते. बीटा-थ्रोम्बोग्लोब्युलिन मूत्रपिंडांवाटे निघून जातं. उतारवयात त्यांचं काम मंदावलं की प्लेटलेट्स शांत असतानाही आकडा चढतो. उत्तेजित प्लेटलेट्सवरचं पी-सिलेक्टिन रक्ताभिसरणात लवकर गळून पडतं, त्यामुळे तेही कमी दिसू शकतं. म्हणून मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना चिकटलेल्या प्लेटलेट्स मोजणं मला अधिक भरवशाचं वाटतं.

शिवाय सुईचा प्रश्न आहेच. शिरा बारीक, दंडाला पट्टा बराच वेळ आवळलेला, रक्त थेंबाथेंबाने येतंय, अशा वेळी प्लेटलेट्स नळीत पोचण्याआधीच चेतवल्या जातात. त्यासाठी पट्टा सैल ठेवतात, पहिले काही मिलिलिटर रक्त या तपासणीला वापरत नाहीत आणि नमुना रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटच्या नळीत घेतात. फ्लो सायटोमेट्रीसाठीचं रक्त बर्फातही ठेवायचं नसतं, कारण गारठ्यानेही प्लेटलेट्सचा आकार बदलतो. गंगापूर रोडवर सकाळी घरी येऊन नमुने आइसबॉक्समधून नेण्याची पद्धत या चाचणीला चालणार नाही.

या चाचण्या अजून मुख्यतः संशोधनापुरत्याच आहेत. पण त्यांची निकड २०१८ च्या ‘ॲस्प्री’ अभ्यासाने वाढवली. हृदयविकार नसलेल्या, बहुतांशी सत्तरीपुढच्या १९,११४ जणांत प्लेटलेट्सना आवर घालणाऱ्या ॲस्पिरिनच्या रोजच्या गोळीने धडधाकट आयुष्य वाढलं नाही, रक्तस्राव मात्र वाढला. तेव्हा सरसकट गोळी देण्यापेक्षा कोणाला खरोखर गरज आहे हे ओळखायला हवं, आणि त्यासाठी आपल्याकडच्या निरोगी वृद्धांमधली प्लेटलेट्सच्या उत्तेजनाची पातळी आधी माहीत असायला हवी. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच, म्हसरूळला आहे. हे काम तिथून उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.