ट्रामाडॉल गेले, टॅपेंटाडॉल आले

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणा आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) पालघरमधल्या एका औषध कारखान्यावर छापा घातला. टॅपेंटाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारे औषध एकत्र करून बनवलेल्या तिथल्या गोळ्या घाना, नायजेरियात नशेसाठी रस्त्यावर विकल्या जात असल्याचे बीबीसीने उघड केले होते. या प्रकरणाची मुळे ट्रामाडॉलमध्ये आहेत.

ट्रामाडॉल हे कृत्रिम, अफूवर्गीय वेदनाशामक १९७७ मध्ये जर्मनीत बाजारात आले. मॉर्फिनवर आंतरराष्ट्रीय करारांचा पहारा आहे. ट्रामाडॉल त्या करारांच्या यादीत घेतले गेले नाही. त्यामागचे कारण गैर म्हणता येणार नाही. आफ्रिकेच्या मोठ्या भागात मॉर्फिन मिळतच नाही, तिथल्या कर्करोगाच्या रुग्णाला ट्रामाडॉलचाच आधार. ही सवलत तस्करांच्याही पथ्यावर पडली. डॉक्टर ५० किंवा १०० मिलिग्रॅमची गोळी लिहून देतात, तस्करीच्या मालात मात्र २२५ आणि २५० मिलिग्रॅमच्या गोळ्या सापडू लागल्या. एवढ्या ताकदीची गोळी कोणत्या रुग्णासाठी बनत होती, हे वेगळे सांगायला नको.

२०१७ मध्ये विषय आरोग्य खात्याच्या हातून निसटून सुरक्षेचा बनला. मे महिन्यात इटलीतल्या जेनोवा बंदरात ३.७ कोटी गोळ्या पकडल्या गेल्या. माल भारतातून निघाला होता, लिबियाला चालला होता. ऑगस्टमध्ये कॅमेरूनच्या सीमाशुल्क विभागाने जप्त केलेल्या ६ लाख गोळ्या बोको हराम या नायजेरियातल्या दहशतवादी संघटनेसाठी होत्या, असे संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविरोधी कार्यालयाने म्हटले. सहाराच्या दक्षिणेकडील देशांतली वार्षिक जप्ती २०१३ मधल्या ३०० किलोंवरून ३ टनांपलीकडे गेल्याचेही याच कार्यालयाने सांगितले.

एप्रिल २०१८ मध्ये भारताने ट्रामाडॉल एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणले. मग धंदा टॅपेंटाडॉलकडे वळला: त्याच घराण्यातले औषध, पण त्या कायद्याबाहेरचे.

आफ्रिकेत स्वस्त औषधांचा पुरवठादार म्हणून भारताने मोठे नाव कमावले आहे, त्यामुळे दिल्लीची अडचण दुहेरी. टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल या दोन्ही औषधांना भारतात स्वतंत्रपणे मान्यता होती, मिश्रणाला नव्हती; तरी निर्यातीसाठी ते बनत होते. आपल्याच रुग्णांना जे चालत नाही ते इतरांकडे पाठवल्याचे समर्थन कोणत्याही राजदूताला जड जावे. बीबीसीच्या बातमीनंतर केंद्राने या मिश्रणाच्या उत्पादनाच्या आणि निर्यातीच्या परवानग्या मागे घेतल्या. सुटे टॅपेंटाडॉल त्या आदेशात नव्हते.