गिअरबॉक्स व क्रॉसमेंबर बदल (जुन्या मोटारगाड्या)

जुन्या मोटारगाडीचा मूळ गिअरबॉक्स उतरवून त्या जागी नंतरच्या काळातला, बहुधा जास्त गिअरचा, गिअरबॉक्स चढवणे आणि त्याच्या मागच्या टोकाला खालून आधार देणारी आडवी पोलादी पट्टी, म्हणजे क्रॉसमेंबर, नव्या मापाप्रमाणे बदलणे, ही दोन्ही कामे एकाच बदलाची अंगे मानली जातात. अमेरिकेतील १९६० च्या दशकातल्या व्ही-एट (आठ सिलिंडरच्या इंजिनाच्या) गाड्यांमध्ये हा बदल विशेष रुळला असून पहिल्या पिढीच्या शेव्हरोले कमॅरोमध्ये (१९६७ ते १९६९ ची मॉडेल) टर्बो-हायड्रामॅटिक ७००-आर४ हा स्वयंचलित गिअरबॉक्स बसवणे हे त्याचे ठळक उदाहरण होय. पुढील विवेचन याच जोडीला धरून आहे.

या गाड्यांमधील पॉवरग्लाइड गिअरबॉक्सला पुढचे दोनच गिअर होते, तर १९६९ च्या मॉडेलपासून मिळू लागलेल्या टर्बो ३५० ला तीन. दोहोंचाही वरचा गिअर थेट, म्हणजे १:१ असल्यामुळे मागच्या अ‍ॅक्सलचे प्रमाण ३.७३ आणि चाकाचा व्यास २६ इंच धरला, तर ताशी १०५ किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे ३,१३० फेरे घेते. १९८२ च्या मॉडेलपासून आलेल्या ७००-आर४ चा चौथा गिअर ०.७० प्रमाणाचा असल्याने त्याच वेगाला हे फेरे २,१९० च्या आसपास येतात. शिवाय त्याचा पहिला गिअर ३.०६ चा, म्हणजे टर्बो ३५० च्या २.५२ पेक्षा बराच खोल असल्याने गाडी जागेवरून जोरात उचलते. मात्र तिथून १.६३ च्या दुसऱ्या गिअरवर येताना मोठी झेप पडते, आणि ती सर्वांनाच आवडते असे नाही. या मालिकेतील १९८७ नंतरचे गिअरबॉक्स अधिक भक्कम मानले जातात.

बेलहाऊसिंगच्या, म्हणजे इंजिनाला टेकणाऱ्या गिअरबॉक्सच्या रुंद तोंडाच्या, बोल्टांची रचना जुळत असल्यामुळे गिअरबॉक्स इंजिनाला सहज जोडला जातो, आणि काम सोपे असल्याचा गैरसमज नेमका तिथेच होतो. टर्बो ३५० चा आखूड शेपटीचा प्रकार ज्या रबरी माउंटवर टेकतो, त्यापेक्षा ७००-आर४ चे माउंट सुमारे दोन इंच मागे असते, आणि गिअरबॉक्सची एकूण लांबीही सुमारे तीन इंचांनी जास्त भरते. त्यामुळे क्रॉसमेंबर मागे सरकवावा लागतो, आणि गिअरबॉक्सची फिरती ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, वाढलेल्या लांबीइतका आखूड करावा लागतो. शाफ्टचे माप गाडी चाकांवर उभी असतानाच घ्यायचे असते, कारण अ‍ॅक्सल लोंबकळत असताना घेतलेले माप चुकते. शाफ्टच्या पुढच्या टोकाचा, गिअरबॉक्समध्ये आतबाहेर सरकणारा योक तळाला टेकू नये म्हणून पाऊण ते एक इंच मोकळीक ठेवतात.

गिअरबॉक्स उतरवताना इंजिनाच्या तेलाच्या टाकीखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार देणे आवश्यक असते. क्रॉसमेंबर सुटताच इंजिन मागे कलते, आणि शेव्हरोलेच्या या इंजिनात ठिणगीची वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर मागच्या बाजूला असल्यामुळे त्याची टोपी फायरवॉलवर (इंजिन आणि प्रवासी यांच्यामधल्या पत्र्यावर) आपटून तडकते. नवा गिअरबॉक्स कोरडाच सुमारे ७० किलो भरतो. तो छातीवर तोलून वर चढवण्याचे धाडस करू नये. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलाच्या प्रवाहातून गिअरबॉक्सला देणारा गोल भाग, हाताने फिरवत आत ढकलला की शाफ्टचे दाते, स्टेटरचे दाते आणि पंपाच्या खाचा अशा तीन टप्प्यांत तो खटकन आत जातो. गिअरबॉक्सची कडा इंजिनाला पूर्ण टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे, आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनाच्या मागच्या टोकाच्या चकतीपासून) तीन ते पाच मिलिमीटर दूर राहिला पाहिजे. गिअरबॉक्सची कडा आणि इंजिन यांच्यात राहिलेली फट बोल्ट आवळून मिटवू पाहणाऱ्याचा पंप इंजिन पहिल्यांदा सुरू होताच फुटतो.

कमॅरोची पुढची सबफ्रेम, म्हणजे इंजिन पेलणारा सांगाडा, वेगळी असून बोल्टांनी बॉडीला जोडलेली असते, आणि क्रॉसमेंबर तिच्या दोन बाजूंच्या तुळयांना अडकतो. या बदलासाठी तयार मिळणाऱ्या क्रॉसमेंबरला लांबट खाचा असतात, तसेच दुहेरी एक्झॉस्टच्या नळ्या जाव्यात म्हणून दोन्ही बाजूंना कमानी दिलेल्या असतात. क्रॉसमेंबर हा नुसता टेकू नव्हे, कारण गिअरबॉक्सच्या शेपटीची उंची, पर्यायाने शाफ्टचे कोन, त्याच्यावर ठरतात. माउंटखाली सहा मिलिमीटरची पट्टी घातली, तर कोन सुमारे एक तृतीयांश अंशाने बदलतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना असलेला युनिव्हर्सल जॉइंट (कोनातही फिरू शकणारा सांधा) कोनात फिरताना प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त करतो. गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि मागचा पिनियन (मागच्या अक्षात ताकद आत नेणारा दातेरी दांडा) एकमेकांना समांतर असले, तर दुसरा जॉइंट पहिल्याची ही खोड फेडतो. प्रत्येक जॉइंटचा कोन एक ते तीन अंशांत राहावा असे पाहतात. तेवढे साधले नाही, तर वेग वाढताच गाडीच्या तळातून घरघर जाणवते, आणि मग निष्कारण चाकांचे बॅलन्सिंग केले जाते. पिनियनचा कोन लागलाच तर पाट्याची स्प्रिंग आणि तिच्यावर बसणारी अक्षाची बैठक यांच्यामध्ये पाचरी घालून दुरुस्त करतात.

स्पीडोमीटरचे दातेरी चाक, गिअर लिव्हरच्या खाचा आणि गिअरबॉक्सचे तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्या ही कामे किरकोळ असली, तरी नळ्या आतून धुऊन घेतल्या नाहीत, तर जुन्या गिअरबॉक्समधल्या झिजेचा भुसा नव्यात उतरतो. याउलट थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल हा जिवावरचा मुद्दा आहे. कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी ही केबल आतल्या तेलाचा दाब नियंत्रित करते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर ती पूर्ण खेचली गेली नाही, तर दाब अपुरा पडून क्लचपट्ट्या थोड्याच अंतरात जळतात. होली कंपनीच्या कार्ब्युरेटरवर मूळ भूमिती जुळत नसल्याने वेगळा कंस लावतात. कन्व्हर्टरची घसरण थांबवून त्याला इंजिनाशी थेट जखडणारा लॉक-अप विजेवर चालत असल्यामुळे ब्रेकच्या स्विचमधून जाणारी एक तारही ओढावी लागते.

संग्राहकांच्या दृष्टीने मूळ गिअरबॉक्सवर कारखान्याने गाडीला दिलेल्या ओळख क्रमांकाचा ठोकलेला अंश मोलाचा असतो, कारण तो गाडी आणि गिअरबॉक्स एकमेकांचेच असल्याचा पुरावा ठरतो. म्हणून जाणकार मालक जुना शाफ्ट न कापता नवा करून घेतात, सबफ्रेमला नवीन भोके पाडत नाहीत, आणि मूळ गिअरबॉक्स, क्रॉसमेंबर व त्यांचे बोल्ट चिठ्ठी बांधून ठेवतात.