बेळगावात भाव उतरत नाही, व्यवहार थांबतो

जागेच्या धंद्याला मंदी आली, हे बेळगावात भावावरून सहसा कळत नाही. ते सब-रजिस्ट्रार कचेरीबाहेर, बाँड रायटरच्या (दस्त लिहून देणाऱ्याच्या) टेबलापाशी कळतं. तिथे चार-दोन माणसंच दिसली की समजायचं. मालक दर खाली आणत नाही. 'घाई नाही' म्हणतो आणि उतारा कपाटात ठेवून देतो.

ही ऐट त्याला परवडते, कारण जमीन त्याच्याकडे आली त्या वाटेत बँक नव्हती. १ मार्च १९७४ पासून कर्नाटकात सुधारित जमीन सुधारणा कायदा लागू झाला आणि कसणाऱ्या कुळांच्या नावे जमिनी लागल्या. अनगोळ, वडगाव, येळ्ळूर, कंग्राळी या पट्ट्यातल्या अनेक मराठी घरांची मालकी अशी वाडवडिलांकडून आलेली. कर्ज काढून जमीन घेतलेल्या बिल्डरला हप्त्यापायी दर तोडावा लागतो. शेतकऱ्याच्या मागे तसा तगादा नसतो.

त्याच कायद्यात दुसरी गोम होती. कलम ७९अ आणि ७९ब मुळे बिगरशेतकऱ्याला, किंवा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्न असणाऱ्याला, शेतजमीन घेता येत नसे. शहर तर वाढत होतं. १९९८ मध्ये व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) आलं, पुढे पुणे-बंगळूर महामार्ग चौपदरी झाला. मग आडवाट निघाली: बिनशेती न करताच शेतात ३० बाय ४० फुटांचे तुकडे पाडायचे आणि खरेदीखत न करता नुसत्या बाँडपेपरवर, म्हणजे स्टँपपेपरवर, विकायचे. एकराचे ४० गुंठे, गुंठ्याचे १०८९ चौरस फूट. कागदावर एकरात असे ३६ प्लॉट बसतात. रस्ता, गटार, उद्यान सोडलं की आकडा बराच खाली येतो, म्हणून रस्ताच आवळला जाई. बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) मंजूर लेआउटमधला प्लॉट महाग का, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

२००८ च्या जागतिक मंदीचा या भागाशी संबंध आला तो उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांमधून. ऑर्डरी घटल्या की ओव्हरटाइम बंद, आणि ओव्हरटाइमवर चालणारा प्लॉटचा हप्ताही बंद. खरी गोठण नंतर आली. ऑक्टोबर २०१२ मध्ये हलगा-बस्तवाडजवळ सुवर्ण विधानसौध या विधिमंडळाच्या इमारतीचं उद्घाटन झालं, तेव्हा त्या बाजूला प्लॉट घेणाऱ्यांना वाटलं, आता अर्धं बंगळूर इकडे येणार. आलं ते वर्षातून काही दिवसांचं हिवाळी अधिवेशन. पाठोपाठ २०१३ मध्ये ग्रामपंचायत हद्दीतल्या मालमत्तांची संगणकावर नोंद ठेवणारं ई-स्वत्तू आलं. त्यातल्या फॉर्म ९ आणि ११ या उताऱ्यांशिवाय खरेदीखत होईना. बाँडपेपरवाल्यांची गुंतवणूक तिथेच अडकली. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली आणि व्यवहारातला 'वरचा' रोखीचा हिस्सा अचानक आटला. बेकायदा बांधकामं नियमित करणाऱ्या अक्रम-सक्रम योजनेला जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. त्याच वर्षी रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) आणि जीएसटी आले.

या सगळ्यात सीमाभागाचं म्हणून एक वेगळं दुखणं आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे आजोबांच्या वेळचे कागद मराठीत, काही मोडीत, त्यानंतरचे कानडीत. आडनाव एका उताऱ्यावर एक, दुसऱ्यावर भलतंच. खरेदीखतातला सर्व्हे नंबर आणि चतु:सीमा रायटरकडून मराठीत वाचून घेतल्याशिवाय शहाणा माणूस सही करत नाही. त्यात वारस. कर्नाटकाने १९९४ मध्येच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान वाटा दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. संचकार, म्हणजे इसार, देऊन ठरलेला सौदा कोल्हापूरला दिलेल्या बहिणीच्या सहीसाठी वर्षभर लोंबकळतो. बाजार तेजीत असो की मंदीत, तिची सही लागतेच.

कोरोनानंतर बाजार सावरला, त्याला स्वस्त कर्जाचा हात लागला हे खरं. मे २०२० मध्ये रेपो दर ४ टक्क्यांवर आला आणि गृहकर्जं ७ टक्क्यांच्या आसपास मिळू लागली. पण माझ्या मते इथे जास्त काम केलं ते त्याच वर्षीच्या कायदेबदलाने. ७९अ आणि ७९ब रद्द झाली आणि बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्याची वाट मोकळी झाली. शेतकरी संघटनांनी याला कडाडून विरोध केला, आणि तो काही उगाच नव्हता: हलगा-मच्छे बायपासला सुपीक जमीन जाताना बघितलेली माणसं होती ती. जानेवारी ते मार्च २०२२ या तीन महिन्यांत सरकारने मार्गदर्शी मूल्य, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी धरला जाणारा सरकारी दर, १० टक्क्यांनी कमी केलं, तेव्हा रखडलेली खरेदीखतं उरकून घेण्याची संधी मिळाली.

ही सूट टिकली नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून मार्गदर्शी मूल्य वाढलं, रेपो तोवर ६.५ टक्क्यांवर गेला होता. २०२४ पासून ई-खात्याची, म्हणजे मालमत्तेच्या संगणकीय नोंदीची, सक्ती आली, तर २०२५ मध्ये शहरी हद्दीतल्या अनधिकृत प्लॉटना बी-खाता, म्हणजे मंजुरी नसलेल्या मालमत्तेची वेगळी नोंद, देण्याची मोहीम निघाली. बाँडपेपरवाल्यांच्या जुन्या तुकड्यांना प्रथमच नगरपालिका-महापालिकेच्या वहीत नाव लागण्याची सोय झाली, पण बी-खात्याने लेआउट मंजूर ठरत नाही. कर्ज देताना बँका अजूनही हात आखडतात. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी शुल्क १ टक्क्यावरून २ टक्के झालं आहे. ५० लाखांच्या खरेदीला ५० हजारांचा जादा भार. तो मालक सोसत नाही.