नोबेल आईन्स्टाईनना, सापेक्षतेला नव्हे

१९२१ साली भौतिकशास्त्राच्या नोबेलसाठी समितीला कुणी लायक माणूसच सापडेना. पारितोषिक पुढच्या वर्षावर ढकललं गेलं. आणि हे कधी, तर आईन्स्टाईन यांचं नाव घरोघरी पोचलेलं असताना! १९१० पासून ते जवळजवळ दरवर्षी समितीपुढे येतही होतं.

२९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात ब्रिटिश पथकांनी प्रिन्सिपे बेटावरून आणि ब्राझीलमधल्या सोब्रालहून सूर्यालगतच्या ताऱ्यांचे फोटो काढले होते. सूर्याला चाटून येणारा प्रकाश पावणेदोन विकलांनी वाकेल, असं आईन्स्टाईन यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त, म्हणजे सापेक्षता, सांगत होता. न्यूटनच्या हिशोबाने त्याच्या निम्माच. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. अडीच सेंटिमीटरचं नाणं तीन किलोमीटरवरून जेवढं दिसेल, साधारण तेवढा हा पावणेदोन विकलांचा कोन. मोजमाप आईन्स्टाईनच्या बाजूने झुकलं, पण इतक्या बारीक आकड्यावर वाद होणारच.

समितीतले आल्वार गुलस्ट्रांड हे नेत्रतज्ज्ञ. डोळ्यात प्रकाश कसा वळतो याचं गणित मांडून त्यांनी १९११ चं वैद्यकाचं नोबेल मिळवलेलं, म्हणजे गणितात कच्चे मुळीच नव्हेत. सापेक्षतेवरच्या अहवालात त्यांनी सिद्धान्ताला पार झोडपलं. बुधाची कक्षा शतकात ४३ विकला जास्त सरकते, हे जुनं कोडं सापेक्षतेने सोडवलं होतं. त्यांना तेही पटेना. तिकडे जर्मनीत भौतिकशास्त्रज्ञ फिलिप लेनार्ड यांच्यासारखे विरोधक होते, त्यांच्या विरोधात तर ज्यूद्वेषही मिसळलेला.

१९२२ मध्ये स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म ओसीन यांनी तोडगा काढला: सापेक्षता राहू द्या बाजूला, १९२१ चं राहिलेलं नोबेल आईन्स्टाईनना त्यांच्या प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमासाठी द्या. धातूवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन उडतात आणि त्यांची ऊर्जा प्रकाशाच्या तीव्रतेवर नाही, तर वारंवारतेवर, म्हणजे ढोबळमानाने रंगावर, ठरते. हे आधी प्रयोगात कुणी पाहिलं होतं? खुद्द लेनार्ड यांनी. शिवाय नियम मान्य, पण ज्या कल्पनेतून तो निघाला ते प्रकाशाचे पुंज, म्हणजे ऊर्जेच्या सुट्या पुड्या, बहुतेकांना अमान्यच! अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ मिलिकन यांनी नियम काटेकोर मोजून खरा ठरवला, तरी पुंजांवर त्यांचा विश्वास बसला नव्हता. मला तर हा प्रकार सापेक्षतेच्या वादाहून मजेशीर वाटतो.

निवड जाहीर झाली तेव्हा आईन्स्टाईन जपानच्या वाटेवर, बोटीत होते. कळवणाऱ्या पत्रात सापेक्षतेचा विचार यात केलेला नाही, असा खुलासाही होता. जुलै १९२३ मध्ये त्यांनी गोथेनबर्गला, स्वीडनच्या राजासमोर, नोबेलचं व्याख्यान दिलं. विषय घेतला सापेक्षतेचा.

गुलस्ट्रांड यांनी त्याच धामधुमीत आईन्स्टाईनच्या समीकरणांचं एक 'वेगळं' उत्तर काढलं होतं. एकाच समीकरणाला दोन उत्तरं निघतात म्हणजे सिद्धान्तच डळमळीत, असा त्यांचा रोख. १९३३ मध्ये बेल्जियन भौतिकशास्त्रज्ञ लमेत्र यांनी दाखवलं, की ते जर्मन शास्त्रज्ञ श्वार्झशिल्ड यांनी त्याच समीकरणांचं काढलेलं जुनंच उत्तर आहे, फक्त निर्देशक, म्हणजे जागा आणि वेळ मोजायचे आकडे, बदललेले. कृष्णविवरात पडणाऱ्या वस्तूचं गणित करायला ते निर्देशक फार सोयीचे पडतात. आजही वापरतात, आणि त्यांच्या नावात गुलस्ट्रांड आहेत.