फॉड वॉक

दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी विमाने उभी करण्याच्या जागेवर आणि टॅक्सीवेवर, म्हणजे तिथून धावपट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रांगेने चालत सुट्या वस्तू वेचणे, याला फॉड वॉक म्हणतात. ‘फॉड’ हे ‘फॉरेन ऑब्जेक्ट डॅमेज’ (बाहेरच्या वस्तूने होणारे नुकसान) याचे आद्याक्षरी रूप, नुकसान करणाऱ्या वस्तूलाही तेच नाव पडले आहे. शेजारच्यापासून हातभर अंतर ठेवून, नजर खाली लावून सावकाश चालायचे. सकाळचे तिरपे ऊन सोयीचे, कारण बारीक खड्याचीही सावली लांब पडते. काँक्रीटचे सांधे नीट पाहावेत. खडे तिथेच अडकून बसतात.

उभ्या विमानाचे इंजिन जोरात चालवले की इनटेक (इंजिनात हवा घेणारे तोंड) आणि जमीन यांच्यामध्ये हवेचा भोवरा उठतो. जमीन ओली असली तर तो तुषारांमुळे दिसतोही. हाच भोवरा खडा उचलून आत देतो. एफ-१६ या लढाऊ विमानाचा इनटेक पोटाखाली असल्याने त्याला ही भीती जास्त. मूळच्या मिग-२९ या लढाऊ विमानाचे मुख्य इनटेक जमिनीवर असताना दारांनी बंद राहतात आणि हवा पंखाच्या मुळाशी वरच्या अंगाला असलेल्या फटींतून घेतली जाते. कॉम्प्रेसरच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबणाऱ्या भागाच्या, पात्याला खाच पडली की ताण तिथे एकवटतो, कंपनांनी तडा वाढतो आणि तुटलेले पाते मागच्या पात्यांचा चुरा करते. बोरस्कोपने (इंजिनात आत घालून पाहायच्या बारीक दुर्बिणीने) तपासून किरकोळ खाच कानशीने गुळगुळीत करतात; मर्यादेबाहेरची असेल तर इंजिन उतरवावे लागते.

खड्यांइतकाच त्रास स्वतःच्याच सामानाचा. लॉकवायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) कापताना सुटे टोक धरून ठेवले नाही तर ते उडून कुठल्या तरी कोपऱ्यात जाते. हत्यारही आत विसरले जाऊ शकते, म्हणून हत्यारपेटीत प्रत्येक पान्याला त्याच्या आकाराची खाच असते आणि काम संपल्यावर मोजणी होते. एक जरी स्क्रू ड्रायव्हर कमी भरला तरी ते विमान उडत नाही. पॅनेल उघडून शोध चालतो. कॉकपिटमधले पेन त्याहून वाईट, कारण विमान उलटे झाले की ते तरंगते आणि कंट्रोल स्टिकच्या बुडाशी अडकू शकते.

२५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ कोसळलेल्या काँकॉर्ड या प्रवासी विमानाचा टायर धावपट्टीवरच्या एका धातूच्या पट्टीने फुटला होता. ती आधी उडालेल्या विमानाची होती. अपघातात ११३ जण गेले. एवढा धोका असूनही शिक्षेच्या भीतीने हत्यार हरवल्याचे लपवले जाते, हे ओळखून शहाणे अधिकारी स्वतःहून सांगणाऱ्यावर कारवाई टाळतात.