कोवळं ऊन, निळा दिवा आणि दुमडलेला रेणू

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मध्यंतरी एक फॉरवर्ड फिरत होता. नवजात बाळाला कावीळ झाली की हल्लीचे डॉक्टर त्याला आईपासून तोडून अतिनील किरणांच्या पेटीत टाकतात. पूर्वी आज्ज्या बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात घेऊन बसत आणि कावीळ आपोआप उतरायची, असा मजकूर. खाली जोडलेल्या हातांची रांग. यातला पहिला भाग साफ चूक. त्या पेटीतल्या दिव्यांत अतिनील किरण नसतात, निळा प्रकाश असतो. दुसरा भाग मात्र गमतीचा आहे, कारण उन्हाचा आणि काविळीचा खरोखरच संबंध आहे. इतका, की त्या निळ्या दिव्याची कल्पनाच मुळी एका सिस्टरांनी बाळांना उन्हात नेल्यामुळे सुचली.

१९५६ साल. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात रॉचफोर्डच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष सिस्टर वॉर्ड सांभाळत होत्या. कक्षातल्या कोंदट उबेपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना मानवतं, असं त्यांचं पक्कं मत. दिवस चांगला असला की त्या बाळांना अंगणात नेत. एकदा डॉक्टरांच्या फेरीत त्यांनी जरा संकोचतच एक बाळ उघडं करून दाखवलं. अंग फिकट, पण एक त्रिकोणी तुकडा पिवळाजर्द. डॉक्टरांना वाटलं, तिथे काही औषध चोपडलंय. सिस्टर म्हणाल्या, तसं नाही. बाळाला कावीळच आहे, चादरीचं टोक जिथे होतं तिथे ती तशीच राहिली आणि बाकीचं अंग उन्हाने उतरलं.

तेवढ्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. पण पुढे काविळीच्या एका बाळाच्या रक्ताची नळी प्रयोगशाळेत खिडकीशी उन्हात पडून राहिली. तिच्यातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, अपेक्षेपेक्षा फारच कमी भरलं, आणि त्याच बाळाचं ताजं रक्त तपासलं तर आकडा पुन्हा चढा. तेव्हा तिथले डॉक्टर रिचर्ड क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निळ्या ट्यूबलाइट जोडून एक पाळण्यावरचा दिवा तयार केला आणि १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. अमेरिकेने मात्र दहा वर्षं फारसं मनावर घेतलं नाही. १९६८ मध्ये तिथले बालरोगतज्ज्ञ जेरोल्ड ल्यूसी यांनी रीतसर तुलनात्मक चाचणी केली, त्यानंतर तिथे निळे दिवे लागले.

आता बिलिरुबिन म्हणजे काय ते पाहू. गुडघा आपटला की डाग आधी निळा-जांभळा, मग हिरवट, मग पिवळा होतो, तोच हा प्रवास. रक्तातल्या जुन्या लाल पेशी मोडतात, हिमोग्लोबिनमधल्या हीमचं आधी हिरवं बिलिव्हर्डिन आणि त्याचं पिवळं बिलिरुबिन होतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमागे सुमारे ३५ मिलिग्रॅम. नवजात बाळाचं हिमोग्लोबिन आपल्यापेक्षा जास्त, त्याच्या लाल पेशींचं आयुष्य आपल्या १२० दिवसांपेक्षा कमी, त्यामुळे वजनाच्या मानाने बिलिरुबिन मोठ्यांच्या दुपटीहून अधिक तयार होतं. आणि ते बाहेर टाकायला यकृतात जे विकर (एन्झाइम) लागतं, त्याचं काम जन्माच्या वेळी मोठ्यांच्या जेमतेम एक टक्का. म्हणून पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या साठेक बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसतेच. बाळंतिणीने हळद खाल्ली म्हणून नव्हे. बिचारीच्या पानातलं वरण पांढरं करून बाळाच्या रक्तात काडीचाही फरक पडत नाही.

माझं खरं प्रेम आहे ते या रेणूच्या ठेवणीवर. यापुढचे दोन-तीन परिच्छेद जरा जड जातील, पण ते गाळले तर निळ्या दिव्याचं मर्मच हाती लागणार नाही.

बिलिरुबिनमध्ये चार पायरोल वलयं, म्हणजे पाच-पाच अणूंची कडी, एका ओळीत जोडलेली असतात. रेणूत पाण्याशी सलगी करणारे गट भरपूर: दोन कार्बोक्झिल गट, शिवाय वलयांवरचे एनएच आणि सीओ. कागदावर पाहिलं तर हा रेणू पाण्यात सहज विरघळायला हवा. तो विरघळत नाही. का, ते १९७६ मध्ये त्याच्या स्फटिकाची रचना क्ष-किरणांनी उलगडल्यावर नीट दिसलं. रेणू मधोमध दुमडलेला असतो आणि त्याच्या एका अर्ध्या भागातला कार्बोक्झिल गट दुसऱ्या अर्ध्या भागातल्या एनएच आणि सीओ गटांशी हायड्रोजन बंधांनी जखडलेला असतो. दोन्ही बाजूंनी मिळून असे सहा बंध. पाण्याला धरायला जे हात हवेत ते सगळे आत एकमेकांत गुंतलेले. विड्याचं पान दुमडून वर लवंग टोचावी तसा हा प्रकार: बाहेर फक्त तेलकट, गुळगुळीत पाठ.

म्हणून हा रेणू रक्तात एकटा फिरू शकत नाही, अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून फिरतो. मूत्रपिंड त्याला बाहेर टाकू शकत नाही. आणि अल्ब्युमिनवर जागा उरली नाही की स्निग्ध पदार्थांत मुरण्याच्या याच स्वभावामुळे तो मेंदूत शिरतो. बहिरेपणा, हातापायांच्या वेड्यावाकड्या हालचाली असं कायमचं नुकसान होतं. शरीराने असा अडचणीचा पदार्थ बनवावाच कशाला? एक उत्तर असं, की पोटात असताना बाळाचं बिलिरुबिन वार ओलांडून आईच्या रक्तात जातं आणि आईचं यकृत ते निस्तरतं. पाण्यात विरघळणारा पदार्थ वारेतून तितक्या सहज गेला नसता. नाळ कापली की ही सोय संपते.

यकृत या रेणूला ग्लुक्युरॉनिक आम्लाची शेपटी जोडतं. त्यामुळे आतले हायड्रोजन बंध सुटतात आणि रेणू पित्तातून बाहेर पडू शकतो. निळा प्रकाश हेच काम शेपटी न जोडता करून दाखवतो. रेणूत चौथ्या आणि पंधराव्या कार्बनपाशी एकेक दुहेरी बंध आहे. शाळेत शिकलेलं आठवत असेल, एकेरी बंधाभोवती अणू फिरू शकतात, दुहेरी बंधाभोवती नाही. त्या जागांवर रेणूची ठेवण ‘झेड’ प्रकारची असते आणि त्यामुळेच घडी बरोबर बसते. ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा एक फोटॉन रेणूने गिळला, की सुमारे २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळते, दुहेरी बंध काही पिकोसेकंदांपुरता ढिला पडतो आणि रेणूचं टोक गर्रकन उलटं फिरून बंध पुन्हा घट्ट होतो. आता त्या जागी ‘झेड’ऐवजी ‘ई’. अणू तेच, तेवढेच, पण पान एका बाजूने पिळलं गेलं, लवंग बसेना. त्या अर्ध्या भागातले पाणीप्रेमी गट मोकळे झाले. हा नवा समघटक यकृताच्या त्या आळशी विकराची वाट न पाहता थेट पित्तात उतरतो.

क्रेमर यांच्या काळात समज असा होता की प्रकाशाने बिलिरुबिनचं ऑक्सिडीकरण होऊन ते फिकं पडतं, कपडा उन्हात विटतो तसं. तेही होतं, पण फार हळू. खरी यंत्रणा मॅकडोना आणि लाइटनर या संशोधकांनी, जन्मतः ते विकर नसलेल्या गन जातीच्या उंदरांवर प्रयोग करून उघड केली. त्यांचा गाजलेला निबंध १९८० चा. म्हणजे वीसेक वर्षं जगभर बाळं बरी होत होती आणि कशाने होतात याचं उत्तर चुकीचं होतं.

अजून एक पीळ बाकी आहे. ‘ई’ समघटक झटपट तयार होतो, काही तासांत एकूण बिलिरुबिनच्या वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत, पण तो परतही फिरतो. आतड्यात, अंधारात पुन्हा मूळ रूपात येतो आणि तिथून रक्तात शोषलाही जातो. म्हणून दिव्याखालच्या बाळाला दर दोन-तीन तासांनी पाजायला सांगतात: शी झाली की माल खरोखर घराबाहेर. दुसरं एक रूप आहे, ल्युमिरुबिन. ते कमी प्रमाणात तयार होतं, पण त्यात वलयच नव्याने जोडलं जातं, परतीची वाट नसते. ते पित्तातून आणि लघवीतूनही जातं, आणि ‘ई’ समघटकापेक्षा कितीतरी लवकर. प्रकाश वाढवला की ‘ई’चं प्रमाण एका मर्यादेपाशी अडतं, ल्युमिरुबिन मात्र वाढत जातं. म्हणूनच दिव्याची तीव्रता महत्त्वाची.

एक ढोबळ हिशेब करून पाहिला. तीन किलोच्या बाळाचं रक्त अडीचशे मिलिलिटर धरलं आणि बिलिरुबिन डेसिलिटरला १० मिलिग्रॅम, तर रक्तात साधारण २६ वर अठरा शून्यं इतके रेणू झाले. चांगला दिवा बाळाच्या एका बाजूवर सेकंदाला त्याच्या पंधराव्या-सोळाव्या हिश्शाइतके फोटॉन ओततो. म्हणजे पंधरा-सोळा सेकंदांत रेणूमागे एक फोटॉन! तरी उपचाराला एक-दोन दिवस लागतात. कारण बहुतेक फोटॉन कातडीत विखुरतात किंवा हिमोग्लोबिन त्यांना गिळतं, पोचलेल्यांपैकी बरेच फुकट जातात, आणि ऊतींमधलं बिलिरुबिन मागून रक्तात येतच राहतं.

आता कोवळं ऊन. उन्हात निळा प्रकाश असतो, भरपूर असतो. पण क्षितिजाजवळच्या सूर्याचे थेट किरण हवेतून लांबचा प्रवास करून येतात आणि वाटेत नेमका निळा भागच विखुरला जातो. ते ऊन सोनेरी दिसतं ते त्यामुळेच. त्यात आपण बाळाला टोपडं, अंगडं, वर दुपटं गुंडाळून केवळ नाक-डोळे उघडे ठेवणार, तेही दहा मिनिटं. बारा वाजताच्या उन्हात निळा मिळेल, पण सोबत अतिनील किरण आणि उष्णता. नवजात बाळाला ते झेपत नाही. ऊन वापरायचंच तर गाळून वापरावं लागतं. नायजेरियात लागोसला संशोधकांनी तसं केलं: अतिनील आणि बरीचशी उष्णता अडवणाऱ्या फिल्मच्या मांडवाखाली बाळं ठेवली, सतत ताप मोजला, आणि सौम्य ते मध्यम काविळीत तो उपाय विजेच्या दिव्यांइतका उपयोगी ठरला. २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. वीज सारखी जाते तिथे हे मोलाचं आहे.

विजेच्या दिव्यांत आता एलईडी आले. ज्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं, तोच बाळाच्या अंगावर पडतो. अरुंद पट्टा, ४६० ते ४९० नॅनोमीटरचा, उष्णता कमी. तीव्र उपचारासाठी दर नॅनोमीटरमागे, चौरस सेंटिमीटरला किमान ३० मायक्रोवॉट लागतात. हे डोळ्यांनी कळत नाही, मीटर लावावा लागतो. जुन्या ट्यूब दिसायला निळ्याशार असल्या तरी आतून मंदावलेल्या असतात, किंवा दिवा वीतभर उंच चढवून ठेवलेला असतो. नातेवाइकांनी पेटीला घाबरण्याऐवजी मीटर शेवटचा कधी लावला ते विचारावं. डोळ्यांवर पट्टी, छोटंसं लंगोट, बाकी अंग उघडं. आणि दिव्याखाली बाळाचा रंग बघून कावीळ उतरली असं ठरवू नये. कातडी आधी फिकी पडते, रक्तातला आकडा मागे राहतो.

गंमत अशी की त्याच नवजात अतिदक्षता कक्षात प्रकाशाचं अगदी उलट काम चालतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलाच्या कडेला रक्तवाहिन्या पोचलेल्या नसतात. तो उपाशी भाग हाकाटी करतो आणि नको तशा वाहिन्या फुटतात. तिथे लेझरने तो भाग ठिपक्याठिपक्यांनी भाजून टाकतात. आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत तपासायला सांगतात, ते यासाठी. लेझर जाळतो, निळा दिवा नुसता वळवतो. ‘लेझरने सर्व आजारांवर उपचार’ अशी पाटी लावणाऱ्याला तरंगलांबी किती आणि तीव्रता किती एवढंच विचारा, बहुतेक वेळा संभाषण तिथेच संपतं.

तीच गत काविळीच्या माळेची. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफून ती माळ डोक्यावर ठेवतात. काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैलावतात, माळ लांबते, गळ्यात उतरते, आणि म्हणे कावीळ उतरली. चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी काढतात, त्या हातांना आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो. मोठ्यांची विषाणूजन्य कावीळ बहुतेकदा आपली आपण बरी होते, बाळांचीही बहुतेकदा. श्रेय माळेला. ज्या थोड्या बाळांची होत नाही, ती माळ लांबेपर्यंत थांबू शकत नाहीत. रक्तगट न जुळल्याने पहिल्या चोवीस तासांतच पिवळं पडलेलं बाळ असेल, किंवा जीसिक्सपीडी या विकराची उणीव असलेलं. अशा बाळाला डांबरगोळ्यांत ठेवलेली जुनी अंगडी-दुपटी घातली, तरी नॅप्थलीनमुळे लाल पेशी भराभर फुटतात. धुऊन कडकडीत वाळवल्याशिवाय ती पेटीतून काढून घालू नयेत.

आणि एका काविळीपुढे निळा दिवाही निरुपयोगी आहे. दोन आठवडे उलटून गेले, बाळ अजून पिवळं, लघवीने लंगोटाला पिवळा डाग पडतोय आणि शी मात्र पांढरट, मातकट. इथे यकृताने आपलं काम केलेलं असतं, पण पित्तनलिकाच बंद असते. दिवा लावला तर असं बाळ कांस्यासारखं तपकिरी दिसू लागतं, उपयोग शून्य. त्याला कसाई शस्त्रक्रिया लागते. जपानच्या मोरिओ कसाई यांची ती पद्धत, आणि तिचा गुण साठ दिवसांच्या आत केली तर सर्वांत चांगला येतो. तैवानने २००४ पासून बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत शीच्या रंगांचं कार्डच घातलं आहे. आई लंगोट बदलताना रंग ताडून पाहते आणि फिका जुळला तर लगेच दवाखान्यात फोन करते.