मोहोराखाली मान वर करून उभा असलेला माणूस

पौषात रत्नागिरी तालुक्यातल्या कुठल्याही बागेत सकाळी गेलात की आधी पंपाचा आवाज येतो. कलमाखाली कीटकनाशक औषधाचं पिंप, त्यात सोडलेली नळी, आणि गन आभाळाकडे धरून उभा असलेला गडी. बहुतेक वेळा तो नेपाळी असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास येतो, आंबा संपला की परततो. तोंडाला गमछा, अंगात जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. मोहोरावर मारलेलं औषध पानांवरून ठिबकत त्याच्याच टाळूवर, कपाळावर, मानेवर पडतं. भुवयांवर सुकलेले पांढरे ठिपके मी कितीदा पाहिलेत. न्याहारीला बसताना तो हात धुतो, डोकं धुवत नाही.

हे ठिबकणं महत्त्वाचं का, ते कळायला साठ वर्षं मागे जावं लागतं. औषध नाकातोंडातून शरीरात जातं, म्हणून तोंड बांधलं की झालं, अशी समजूत आपल्याकडे अजून आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या सफरचंदाच्या बागांत संशोधकांनी फवारणाऱ्यांच्या अंगावर शोषक पट्ट्या लावून मोजमाप केलं. ड्यूरॅम आणि वुल्फ यांनी १९६२ मध्ये ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात मांडली. श्वासातून जाणाऱ्या औषधापेक्षा कातडीवर पडणारं औषध कितीतरी जास्त भरलं. पुढे १९७१ मध्ये मायबाक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पॅराथिऑन हे कीटकनाशक सगळ्या कातडीतून सारखं मुरत नाही. कोपराखालच्या हाताच्या तुलनेत टाळू आणि कपाळातून ते जवळपास चौपट आत जातं. म्हणजे आमच्या बागेत औषध नेमकं जिथे ठिबकतं, तिथूनच. कोकणच्या दमट हवेत घामाने भिजलेली कातडी त्यात भर घालते, आणि याच हवेमुळे प्लॅस्टिकचा अंगरखा अर्धा ताससुद्धा अंगावर ठेववत नाही.

पॅराथिऑन ज्यातलं, त्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं मज्जातंतूंचे निरोप थांबवणारं कोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) निकामी करतात. निरोप थांबतच नाहीत. मग घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंची थरथर. सौम्य बाधेत नुसती मळमळ आणि डोकेदुखी. तेवढ्याला आमच्याकडे ‘ऊन लागलं’ म्हणतात आणि कोकम सरबत देतात.

भारतात या विषयाची सुरुवात शेतात झाली नाही. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेलं गव्हाचं पीठ खाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा झाला आणि १९७१ मध्ये त्याचे नियम आले. त्यातला ३७वा नियम प्रत्येक बागायतदाराने वाचावा असा आहे. फवारणीच्या कामावर असलेल्याची कामावर घेण्याआधी आणि पुढे ठरावीक काळाने डॉक्टरी तपासणी करायची, असं तो सांगतो. माझ्या ओळखीच्या एकाही बागेत ती झालेली नाही.

दक्षिणेकडे याच किनाऱ्यावर, केरळातल्या कासरगोडमध्ये काजूवर ढेकण्या ही कीड येऊ नये म्हणून हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं जाई. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या ११७ मुलग्यांची तुलना बाधा नसलेल्या गावातल्या ९० मुलग्यांशी केली; वयात येण्याची प्रक्रिया लांबल्याचं २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फान थांबवलं. ढेकण्या आमच्या काजूवरही येतो, त्यामुळे ही बातमी इथे दूरची वाटली नाही.

शेतमजुरांचं दुखणं महाराष्ट्राला खरं दिसलं ते २०१७ मध्ये, यवतमाळात. वीसहून जास्त शेतकरी-मजूर मेले, शेकडो रुग्णालयात गेले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला गेली होती आणि फवारा तोंडावर येत होता, हे एक कारण तेव्हा पुढे आलं. विदर्भात फवारा त्या वर्षी तोंडावर आला, हापूसच्या बागेत तो दरवर्षी, प्रत्येक फवारणीला येतो. इथे झाड कायमच माणसाहून उंच.

औषधं मात्र बदलली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात पालवीपासून सहा फवारण्या आहेत, त्यांत तुडतुडे या किडीसाठी डेल्टामेथ्रिन, इमिडाक्लोप्रिड यांसारखी नव्या गटांतली औषधं आली. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या मोनोक्रोटोफॉसवर २०२३ मध्ये बंदी आली. अवकाळी पाऊस झाला, मोहोर दोनदा-तीनदा आला, की सहाच्या कितीतरी जास्त फवारण्या होतात. युरोपला जाणाऱ्या आंब्यात औषधाचा अंश किती, हे प्रयोगशाळेत मोजलं जातं. तो आंबा ज्याने वाचवला त्याच्या रक्तात किती, हे कुणी विचारत नाही, आणि याचा मला मनापासून त्रास होतो.

विचारायची रीत जुनीच आहे. कॅलिफोर्नियाने १९७४ पासून फवारणाऱ्यांची कोलिनेस्टरेज तपासणी सक्तीची केली. मात्र रक्तातलं या विकराचं प्रमाण माणसागणिक वेगळं असतं, म्हणून प्रत्येकाचं औषधाला हात लावण्याआधीचं रक्त लागतं. पुढचं मोजमाप त्याच्याशी ताडायचं. आमच्याकडे ते रक्त घ्यायची वेळ म्हणजे दिवाळीच्या आसपासचे दिवस, गडी बागेत उतरल्यावर आणि पालवीवरची पहिली फवारणी सुरू होण्याआधी.